अभोण्याची लेक, तळेगावची सेनापतीण

पिंपळनेरहून ताहाराबादकडे निघालं की शेलबारीची खिंड लागते. खिंड ओलांडली की बागलाण. आज मधे जिल्ह्याची हद्द आहे, पण १८६९ साली नाशिक जिल्हा वेगळा होईपर्यंत बागलाणही खानदेशातच मोडत होतं. पश्चिमेला चरणमाळचा घाट उतरला की नवापूर, आणि नवापूरच्या पुढे गायकवाडांचं सोनगड. उत्तरेला कोंडाईबारी. पांझरेच्या उगमाकडचा हा डोंगरी कोपरा नकाशावर कडेला पडलेला दिसतो, पण अठराव्या शतकात गुजरात आणि दख्खन यांच्यामधली जाण्यायेण्याची दारं इथेच होती. बागलाणाच्या दक्षिण अंगाला, गिरणेच्या काठी अभोणा. तिथल्या ठोके देशमुखांच्या घरात जन्मलेली एक मुलगी पुढे मराठी राज्याच्या सेनापतीची बायको झाली, सेनापतीची आई झाली, सैन्य घेऊन अहमदाबादवर चालून गेली आणि उतारवयात तिने थेट पेशव्याविरुद्ध बंड केलं. तिचं नाव उमाबाई दाभाडे.

उमाबाईंची गोष्ट बहुतेक वेळा सूडाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पेशवा बाजीरावाशी लढताना मुलगा मारला गेला, आईने वीस वर्षं मनात राग धरला आणि संधी मिळताच बाजीरावाच्या मुलावर सूड उगवला, असा तिचा साचा ठरून गेला आहे. मला तो पटत नाही. मुलाचं दुःख खरंच होतं, पण उमाबाई भांडल्या ते गुजरातच्या महसुलावरून, सेनापतीच्या हक्कावरून आणि बळजबरीने घेतलेला करार पाळायचा की नाही या प्रश्नावरून. तो प्रश्न त्यांनी आधी वकिलामार्फत मांडला, मग स्वतः समोर बसून मांडला, आणि कुणी ऐकून घेतलं नाही तेव्हाच तलवारीकडे वळल्या.

खंडेराव दाभाडे मूळचे तळेगावचे. उमाबाई त्यांच्या तीन बायकांपैकी सर्वांत धाकट्या. अभोणकर देवराव ठोके देशमुखांची ही लेक दाभाड्यांकडे गेली यात मुलखाचा हिशेबही होता. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता नवापूर-नंदुरबार-थाळनेरवरून जाई आणि खंडेरावांचा सगळा डाव या रस्त्यावर होता. १७१६च्या सुमारास त्यांनी सुरत आणि बऱ्हाणपूर यांच्या दरम्यान मातीच्या गढ्या बांधल्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्या तांड्यांकडून मालाची चौथाई वसूल करायला सुरुवात केली. दख्खनचा मोगल सुभेदार सय्यद हुसेन अली याने झुल्फिकार बेगाला आठ हजार स्वार देऊन पाठवलं. खंडेरावांनी मैदानात उभं न राहता त्याला डोंगराळ, झाडीच्या मुलखात ओढत नेलं, वेढलं आणि त्याच्या फौजेसह संपवलं. असा डाव खेळायचा तर वाटा माहीत असलेली, तिथल्या देशमुखांशी सोयरीक असलेली माणसं पाठीशी लागतात. पुढच्याच वर्षी, जानेवारी १७१७ मध्ये, शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापतीपद दिलं.

याच काळात उमाबाईंनी केलेलं एक काम आजही रोज हजारो माणसांच्या पायांखालून जातं. सप्तशृंगगडावर देवीच्या मंदिरापर्यंतच्या पायऱ्या, सुमारे ४७०, त्यांनी १७१०च्या सुमारास बांधवून घेतल्या. चैत्रात खानदेशातून गावंच्या गावं पायी गडावर निघतात. साक्री, धुळे, शिरपूर, अमळनेर इथून निघालेल्या दिंड्या चार-पाच दिवस उन्हातून चालत राहतात. पायांना फोड आलेले, डोक्यावर ओला पंचा, खांद्यावर भगवं निशाण, अशी ती माणसं शेवटच्या चढाला लागतात तेव्हा या पायऱ्या सुरू होतात. अलीकडे ट्रॉली झाली, पण नवस पायऱ्यांनीच फेडायचा हा हट्ट सुटलेला नाही. अभोण्याहून हा गड जवळच. माहेरच्या देवीच्या वाटेवर दगड बसवणाऱ्या या बाईचा हात पुढे राज्यकारभारात किती खोलवर गेला, याची त्या गर्दीतल्या फारच थोड्यांना कल्पना असेल.

खंडेरावांनी गुजरातची आघाडी आपल्या माणसांच्या हाती सोपवली होती. त्यातले पिलाजी गायकवाड यांनी १७१९ मध्ये सोनगड घेतला आणि तिथून सुरतेच्या बाजूला धाका बसवला. दुसरे खानदेशातले कंठाजी कदमबांडे. १७२९ मध्ये खंडेराव गेले आणि थोरला मुलगा त्रिंबकराव सेनापती झाला. गुजरातेत चौथाई आम्ही वसूल करायची, तिथे पेशव्याने का यावं, हा त्याचा सवाल होता. बाजीरावाने मोगल सुभेदाराशी परस्पर बोलणी लावली तेव्हा वाद पेटला. कदमबांडे, गायकवाड, पवार असे मातबर सरदार त्रिंबकरावाच्या बाजूला उभे राहिले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ गाठ पडली. दाभाड्यांची फौज मोठी होती, पण तिची फळी फुटली आणि त्रिंबकराव हत्तीवरून लढत राहिला. एक गोळी लागली आणि सेनापती पडला. पिलाजींचा मुलगा सयाजीही त्याच दिवशी मारला गेला.

ती गोळी शत्रूची नव्हती, अशी जुनी परंपरा आहे. त्रिंबकरावाचा सख्खा मामा भाऊसिंग ठोके याने पाठीमागून ती झाडली असं सांगतात. हे खरं असेल तर उमाबाईंचा मुलगा त्यांच्याच भावाच्या हातून गेला. खरं-खोटं आज कुणी ठरवू शकत नाही, पण ही गोष्ट ज्या काळात रुजली त्या काळाबद्दल ती बरंच सांगून जाते. घराणी आतून फुटत होती. एका वतनदाराच्या घरात एक भाऊ सेनापतीकडे, दुसरा पेशव्याकडे, अशी वाटणी चालू होती.

शाहू महाराजांनी हे भांडण मिटवायचा प्रयत्न केला. ते बाजीरावाला घेऊन तळेगावला गेले, उमाबाईंच्या हाती तलवार दिली आणि हा तुमचा अपराधी, याचं काय करायचं ते करा असं म्हणाले, अशी आख्यायिका आहे. तलवार उचलली गेली नाही, हे उघड आहे. प्रत्यक्षात झालं ते असं: धाकटा यशवंतराव सेनापती झाला, तो लहान म्हणून कारभार उमाबाईंकडे आला, गुजरात दाभाड्यांकडे राहिला, आणि तिथल्या उत्पन्नाचा अर्धा हिस्सा पेशव्यामार्फत सरकारी खजिन्यात भरायचा असं ठरलं. पुढच्या वीस वर्षांची ठिणगी या शेवटच्या अटीत होती. उमाबाईंनी तो अर्धा हिस्सा भरला नाही. शाहू महाराज जिवंत होते तोवर त्यांनी फारसा तगादाही लावला नाही.

आणखी एक गोष्ट त्याच सुमारास तळेगावातून पुण्याला गेली. खंडेराव दर श्रावणात तळेगावी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. डभईनंतर ती प्रथा बाजीरावाने पुण्यात सुरू ठेवली. पुढे तिचा एवढा विस्तार झाला की पर्वतीच्या पायथ्याचा रमणा त्यासाठी उभा राहिला आणि इंग्रजी आमदानीत याच दक्षिणेच्या पैशातून पुण्यात संस्कृत पाठशाळा आणि पुढची शिक्षणाची कामं चालली. सेनापतीचं पद तळेगावात राहिलं, पण मान-सन्मानाचं केंद्र हललं. उमाबाईंसारख्या चाणाक्ष बाईच्या नजरेतून हे सुटलं असेल असं मला वाटत नाही.

दरम्यान १७३२ मध्ये डाकोरला पिलाजी गायकवाडांचा खून झाला. मारेकरी गुजरातचा मोगल सुभेदार, जोधपूरचा अभयसिंग याने पाठवलेले. आपल्या मुतालिकाचा, म्हणजे प्रतिनिधीचा, असा घात झाल्यावर उमाबाई स्वतः फौज घेऊन निघाल्या. पिलाजींचा मुलगा दमाजी आणि कंठाजी कदमबांडे बरोबर होते. त्या काळी विधवा बाईने घोडदळाच्या पुढे चालणं लोकांच्या डोळ्यांत भरणारच. अहमदाबाद काही हाती लागलं नाही, पण अभयसिंगाला चौथाई आणि सरदेशमुखी मान्य करावी लागली आणि वर अहमदाबादच्या खजिन्यातून ८० हजार रुपये द्यावे लागले. शाहू महाराजांनी या मोहिमेबद्दल उमाबाईंना सोन्याचे तोडे दिले असं दाभाड्यांच्या परंपरेत सांगतात. स्वारीवर निघालेल्या, तह करणाऱ्या आणि पैसे वसूल करून परतणाऱ्या या बाईला केवळ दुःखी आई म्हणून रंगवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

पुढची पंधरा-सोळा वर्षं दाभाड्यांना उतरती कळा लागली. यशवंतराव मोठा झाला पण व्यसनात बुडाला. उमाबाई थकत चालल्या आणि प्रत्यक्ष गुजरात दमाजीच्या मुठीत गेलं. कागदावर दमाजी दाभाड्यांचा मुतालिक होता, पण फौज त्याची, वसुली त्याची, सोनगडही त्याचाच. धनी घरी बसला आणि गडी शेत कसतोय असं वर्षानुवर्षं चाललं की शेत कुणाचं हे गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज वारले आणि सगळा तोल बदलला. ताराबाईंनी नातू म्हणून पुढे आणलेला रामराजा छत्रपती झाला. सप्टेंबर १७५० मधल्या सांगोल्याच्या करारानंतर राज्याची खरी सूत्रं बाजीरावाचा मुलगा नानासाहेब पेशवा याच्या हाती आली. पेशव्याच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. त्याने गुजरातच्या अर्ध्या महसुलाची जुनी बाब बाहेर काढली आणि उमाबाईंकडे मागणी केली. उमाबाईंनी आधी यादो महादेव निरगुडे यांना वकील म्हणून पाठवलं. सूट मिळाली नाही. दुसऱ्या बाजूला ताराबाई पेशव्याला दूर करायला माणसं शोधतच होत्या. १ ऑक्टोबर १७५० रोजी शंभू महादेवाच्या देवळात ताराबाई आणि उमाबाई भेटल्या. ताराबाई तेव्हा पंच्याहत्तरीच्या होत्या. औरंगजेबाशी झुंजलेली राजाराम महाराजांची राणी आणि अहमदाबादवर चालून गेलेली सेनापतीण एका देवळात समोरासमोर बसल्या. नानासाहेब त्या वेळी तिशीच्या आत होता.

तरीही उमाबाईंनी बोलणी तोडली नाहीत, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच बाब. २२ नोव्हेंबर १७५० रोजी आळंदीला त्या पेशव्याला स्वतः भेटल्या. त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं. अर्ध्या महसुलाचा तो करार डभईनंतर, पराभवाच्या धाकाखाली आमच्यावर लादला गेला. जुलमाने घेतलेल्या कबुलीला धर्म नाही, तेव्हा ती अट रद्द करावी. पेशव्याने ऐकलं नाही. गुजरातचा अर्धा हिस्सा सोडायला तो तयार नव्हता. नानासाहेबाची बाजूही समजून घ्यायला हवी. निजामाच्या आघाडीवर मोहीम होती, सावकार दारात होते, आणि एका सरदाराला सूट दिली की दहा जण रांगेत उभे राहणार होते. पण ज्या बाईने देवळातला कट बाजूला ठेवून तोडगा मागितला तिला रिकाम्या हाताने परत पाठवून त्याने स्वतःच आगीत तेल ओतलं.

दोनच दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, चंपाषष्ठीच्या सुमारास साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावलेल्या रामराजाला ताराबाईंनी कैद केलं. पेशवा फौजेसह औरंगाबादच्या बाजूला गेला होता. उमाबाईंनी दमाजी गायकवाडाला हुकूम पाठवला. १५ हजार फौज घेऊन दमाजी गुजरातेतून खानदेशात शिरला आणि दख्खनच्या दिशेने सरकला. चरणमाळच्या याच घाटापलीकडे त्याचं सोनगड, याच मुलखात त्याचा जम. फौज पुण्याच्या रोखाने येतेय म्हटल्यावर शहरात पळापळ झाली. पेशव्याच्या घरची मंडळी सिंहगडावर हलवली गेली. दमाजी मात्र पुण्यात न अडकता सालपीच्या घाटाने साताऱ्याकडे गेला आणि निंब गावाजवळ त्रिंबकराव पुरंदरे यांच्या २० हजार फौजेला त्याने मागे रेटलं. साताऱ्यात ताराबाईंनी त्याचं स्वागत केलं. मार्च १७५१ च्या पहिल्या पंधरवड्यात हे बंड यशस्वी होणार असं कुणालाही वाटलं असतं.

ते टिकलं नाही. पुरंदऱ्यांनी फौज पुन्हा जमवली आणि १५ मार्चला वेण्णेच्या काठी दमाजीच्या तळावर हल्ला केला. दमाजीचं मोठं नुकसान झालं. तोवर पेशवा घाईने परत फिरला होता. २४ एप्रिलला तो साताऱ्याला पोहोचला, यवतेश्वरची चौकी त्याने मोडून काढली आणि दमाजीशी बोलणी सुरू केली. शपथा झाल्या, इमान दिलं-घेतलं गेलं. ३० एप्रिलच्या संध्याकाळी पेशव्याच्या फौजेने गाफील तळावर झडप घातली. दमाजी हाती लागला, यशवंतराव दाभाडेही. पेशव्याने अर्धं गुजरात आणि वर २५ लाख रुपये मागितले. दमाजीचं उत्तर कायद्याच्या भाषेतलं होतं: मी मुतालिक, मुलूख धन्याचा, धन्याला विचारल्याशिवाय सही कशी करू? या दगाफटक्यानंतर दमाजीने पेशव्याला पुन्हा कधी उजव्या हाताने मुजरा केला नाही, डाव्यानेच केला, अशी आठवण सांगतात.

उमाबाई आणि दाभाड्यांचं कुटुंब तळेगावहून पकडलं गेलं. गायकवाडांसह त्यांना आधी पुण्यात आणि मग लोहगडावर ठेवलं. तळेगावच्या माळावरून लोहगड दिसतो. सेनापतीचं कुटुंब आपल्याच गावाच्या नजरेच्या टप्प्यात कैदेत पडलं. त्यांच्या जहागिऱ्या काढून घेतल्या आणि सेनापतीपदही गेलं.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखात, अशीच एक बाई होऊन गेली. ॲन मॅकिंटॉश ही मोठ्या घराण्यात दिलेली पोर १७४५ मध्ये विशी-बाविशीची होती. नवरा इंग्रज सरकारच्या फौजेत अधिकारी, आणि हिने मात्र कुळातली तीनेकशे माणसं जमवून गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट राजपुत्राच्या बाजूने उभी केली. एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या रणात ते बंड चिरडलं गेलं आणि ॲनला इन्व्हरनेसला काही आठवडे कैदेत काढावे लागले. लंडनच्या सरकारने लगेच कायदा करून स्कॉटिश सरदारांचे वंशपरंपरागत न्यायाचे अधिकार काढून घेतले. दोघींच्या वयात, धर्मात, परिस्थितीत काहीच सारखं नाही, पण दोघींसमोरचं संकट एकच होतं. मध्यवर्ती सत्तेला आता स्वतंत्र फौज बाळगणारी, स्वतःची वसुली करणारी जुनी घराणी नको झाली होती. लंडनने ते कायद्याने केलं, पुण्याने कर्ज, करार आणि कैद यांनी.

लोहगडाच्या कैदेत फूट पडली. दाभाड्यांची बाजू संपली हे दमाजीला कळून चुकलं आणि मार्च १७५२ मध्ये त्याने पेशव्याशी स्वतंत्र करार केला. थकबाकीपोटी १५ लाख, गुजरातचा अर्धा मुलूख, पुढच्या विजयातही अर्धा वाटा, दर वर्षी सव्वापाच लाखांची खंडणी आणि लागेल तेव्हा १० हजार स्वार. बदल्यात गुजरातचा उरलेला भाग त्याच्या हक्काचा. वर्षभरापूर्वी धन्याला विचारल्याशिवाय सही करणार नाही म्हणणाऱ्या माणसाने धन्यालाच वगळून सही केली. त्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याने तसं केलं नसतं तर बडोद्याचं राज्य उभं राहिलं असतं का, हेही विचारायला हवं. एप्रिल १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी यांनी मिळून अहमदाबाद घेतलं. वीस वर्षांपूर्वी उमाबाई ज्या शहराच्या वेशीपर्यंत गेल्या होत्या ते शहर आता पेशवा आणि गायकवाड यांच्यात वाटलं गेलं. दाभाड्यांना त्यात जागा नव्हती.

ताराबाईंनी सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन रामराजा आपला नातू नाही असं सांगितलं आणि पेशव्याशी जुळवून घेतलं. उमाबाईंची सुटका झाली, पण गेलेली सत्ता परत आली नाही. २८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. समाधी तळेगाव दाभाडे इथे आहे.

गुजरातचा हिशेब मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. गायकवाड-पेशवे थकबाकीचं प्रकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं. १८१४ मध्ये तेच मिटवायला बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले आणि २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात त्यांचा खून झाला. ठपका त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला. त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, तिथून ते निसटले, आणि त्यांचे पुतणे गोदाजी व महिपा यांनी खानदेशातल्या भिल्लांना हाताशी धरून इंग्रजांविरुद्ध धामधूम सुरू केली. जून १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांनी पुण्याचा तह लिहून घेतला. त्यात गायकवाडांवरचे सगळे जुने दावे वर्षाला ४ लाखांवर सोडून द्यायला लागले. आळंदीला उमाबाईंनी जी अट रद्द करा म्हणून सांगितलं होतं ती सदुसष्ट वर्षांनी रद्द झाली, आणि ती रद्द करणारा पेशवा पुढच्या वर्षी स्वतःच गादीवरून गेला.